नाकातील पहारेकरी

श्वासाबरोबर धूळ, परागकण आणि असंख्य रोगजंतू नाकात शिरतात. तरीही माणूस रोज आजारी पडत नाही. नाकातील चिकट श्लेष्मा जंतूंना अडकवतो आणि त्यातील प्रथिने त्यांचा नाश करतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती होय.

लायसोझाइम हे असेच एक प्रथिन. सर्दीच्या रुग्णाच्या नाकातील स्रावात ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळले. १९२२ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. लायसोझाइम जिवाणूंची पेशीभित्तिका तोडते. लॅक्टोफेरिन हे दुसरे प्रथिन लोह धरून ठेवते आणि जिवाणूंची उपासमार करते. कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या बलकातही लायसोझाइम असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या स्फटिकांचा अभ्यास केला. आर्द्रता घटली की या रेणूच्या रचनेत बदल होतात, हे त्यातून दिसून आले.

दीर्घकाळच्या दाहामुळे कधी नाकाचे अस्तर सुजते व द्राक्षांसारखे मऊ फुगवटे लोंबू लागतात. यालाच नाकातील मांस वाढणे म्हणतात. अशा ऊतींत काही संरक्षक प्रथिने कमी झालेली आढळली आहेत. पहारा ढिला पडला, की जंतू टिकून राहतात व दाह बळावू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेने वाढलेले मांस काढल्यावरही दाहावरील उपचार चालू ठेवावे लागतात.