नाकातून मेंदूपर्यंत : म्युकरमायकोसिस व पक्षाघात

सन २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात, तसेच आपल्या सोलापूर जिल्ह्यातही म्युकरमायकोसिसचे रुग्ण आढळले. कोरोनातून बरे झालेल्या माणसास अर्धांगवायू का व्हावा, असा प्रश्न कुटुंबीयांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देत आहोत.

ही बुरशी मातीत व कुजलेल्या पदार्थांत सर्वत्र असते. निरोगी शरीर तिला थारा देत नाही. मात्र अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईडचा अतिवापर यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली, की ती नाकालगतच्या पोकळ्यांत रुजते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते व आत गुठळी निर्माण करते. डोळ्याच्या खोबणीमागून ती मेंदूस रक्त पुरविणाऱ्या कॅरोटिड धमनीपर्यंत पोहोचल्यास रक्तप्रवाह खंडित होऊन पक्षाघात होतो.

म्हणूनच येथे केवळ पक्षाघाताचे उपचार पुरेसे ठरत नाहीत. बाधित भाग शस्त्रक्रियेने काढणे, अँफोटेरिसिन-बी हे औषध कित्येक आठवडे देणे व रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे, ही तिन्ही आवश्यक असतात. हा खर्च सामान्य कुटुंबास पेलणारा नसल्याने राज्य शासनाने मे २०२१ मध्ये या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून देण्याचा निर्णय घेतला. परंतु मेंदूचा मृत झालेला भाग कोणत्याही निधीने परत मिळत नाही.

यास्तव आमची कळकळीची विनंती आहे, की गालावर सूज वा बधिरपणा, नाकातून काळसर स्राव, दात हलणे, एका वस्तूच्या दोन दिसणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णास घेऊन यावे. या आजारात वेळ हीच सर्वांत मोठी देणगी होय.