शाईविना छापली जाणारी पावती

यूपीआयने पैसे आले की पावती आपोआप छापणारं यंत्र घरच्या घरी बांधता येतं. ईएसपी-३२ हा वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर आणि ५८ मिलिमीटर कागदाचा छोटा थर्मल प्रिंटर, हे त्याचे मुख्य भाग. शाई लागत नाही; रसायनाचा लेप असलेला कागद तापला की काळा पडतो. प्रिंटरच्या पट्टीवर एका ओळीत ३८४ सूक्ष्म तापक असतात, मिलिमीटरला आठ. बरेच एकदम तापले की दोनेक अँपिअर प्रवाह खेचला जातो. म्हणून प्रिंटरला वेगळा वीजपुरवठा द्यावा. नाहीतर काळी जाड ओळ आली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो.

ग्राहकाच्या मोबाइलवरच्या हिरव्या टिकमार्कवर विसंबून पावती छापू नये, तो खोटाही दाखवता येतो. पेमेंट गेटवेकडून आपल्या सर्व्हरला संदेश यावा, त्याची डिजिटल सही तपासावी, मगच छपाईचा हुकूम सुटावा. तोच संदेश दोनदाही येतो, तेव्हा व्यवहार क्रमांक जपून ठेवलेला बरा.

मराठीची मात्र खरी कसरत. या स्वस्त प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी फॉन्ट नसतो. जोडाक्षरांसह मजकुराचं चित्र सर्व्हरवर तयार करून ठिपक्यांच्या रूपात पाठवावं लागतं. वॉरंटीची पावती असेल तर फोटो काढून ठेवा, ऊन लागलं की ती फिकी पडते.