सुरतकडे बिबट्या पाहायला कधी जावं? उत्तर ऊसतोडीच्या हंगामात दडलंय

सुरतमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना बिबट्यासाठी फार लांब जायची गरज नाही, असं म्हणतात. मांडवी, मांगरोळ, उमरपाडा या तालुक्यांतून त्याच्या बातम्या सतत येतात. कधी कालव्याच्या काठी दिसला, कधी शेतात बछडे सापडले, कधी पिंजऱ्यात अडकला. गुजरात वनखात्याच्या 2023 च्या गणनेत राज्यात 2,274 बिबटे मोजले गेले. 2016 मध्ये हाच आकडा 1,395 होता. मग एखाद्या रविवारी गाडी काढून पाहून यावं, असं कुणालाही वाटेल. प्रश्न एवढाच, की कोणत्या महिन्यात?

याची उत्तरं दोन आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. बिबट्या जंगलात पाहायचा असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत जावं. सुरत जिल्ह्यात मात्र तो माणसांच्या नजरेला जास्त पडतो तो दिवाळीनंतर, कारखाने सुरू झाले की. हा दुसरा हंगाम सफारीचा नाही.

आधी जंगलाचं. सुरतपासून जवळ म्हणजे नवसारी जिल्ह्यातलं वांसदा राष्ट्रीय उद्यान, डांगमधलं महालचं पूर्णा अभयारण्य आणि नर्मदा जिल्ह्यातलं शूलपाणेश्वर. तिन्हीकडे बिबटे आहेत. ही पानगळीची, सागाची जंगलं. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत इथे दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. सागाची पानं फेब्रुवारीपासून झडायला लागतात, ओढे आटतात आणि उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरं गोळा होतात. चितळ-माकडं पाण्यावर आली की त्यांच्या मागे बिबट्याही येतो. तोही उजाडताना नाहीतर दिवस मावळताना. दुपारी बारा वाजता गाडीतून उतरून ‘कुठंय बिबट्या?’ विचारणाऱ्याला झाडावरचं वानरच दिसेल.

तरीही खरं सांगायचं तर इथे बिबट्या हमखास दिसेल असं कुणी सांगू शकत नाही. वांसदा जेमतेम 24 चौरस किलोमीटरचं आहे, जाण्याआधी वनखात्याची परवानगी लागते आणि झाडी दाट आहे. हमी हवी असेल तर गीरजवळचं देवळिया पार्क आहे, पण ते कुंपणातलं. उघड्यावर बिबट्या पाहायचा तर सुरतकर अहमदाबादमार्गे राजस्थानातल्या जवाईला जातात. जवाई बांध नावाचं रेल्वे स्टेशनच आहे. तिथे दाट जंगल नाही, ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या आहेत आणि रबारी पशुपालकांची वस्ती आहे. थंडीत सकाळचं ऊन खायला बिबटे खडकांवर येऊन बसतात, म्हणून तिथला हंगाम नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपल्या सागाच्या जंगलाच्या बरोबर उलटा. ‘सफारीचा उत्तम काळ’ म्हणून मोबाईलवर जे फिरत असतं, ते कोणत्या जंगलाबद्दल आहे हे आधी बघावं, ते यासाठी.

आता दुसरा हंगाम. तापीवरच्या काकरापार आणि उकाईच्या कालव्यांनी सुरत जिल्ह्यात ऊस आणला. बारडोली, मढी, महुवा, सायण, कामरेज, चलथाण अशी सहकारी कारखान्यांची रांगच उभी राहिली. ऊस वर्षभर शेतात उभा असतो, माणसाच्या डोक्यावर जातो, आत गारवा असतो, शेजारी पाणी. कडेच्या गावांत कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे? महाराष्ट्रात जुन्नर आणि अकोल्यात हेच झालं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात कॅमेरे लावून अभ्यास केला. जंगल नसलेल्या त्या शेतवस्तीच्या भागात 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नव्हते, तिथलेच रहिवासी होते.

तोड सुरू झाली की हा आडोसा फडाफडाने कमी होत जातो. मादी वर्षात कधीही विते, आणि ऊस ही तिला बछडी ठेवायला सोयीची जागा. कोयता चालवताना अचानक पाचटात दोन-तीन पिल्लं दिसतात ती याच काळात. मोठे बिबटे एका फडातून दुसऱ्यात हलतात, रस्ता ओलांडतात, दिसतात. व्हिडिओ निघतात. मग शहरातून रात्री गाड्या घेऊन, शेतात लाईट मारत फिरणारे येतात. पिल्लांजवळ असलेल्या मादीला असं डिवचणं किती महागात पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको. आणि त्याची किंमत गाडीतला माणूस मोजत नाही. तो काच वर करून निघून जातो.

मोजतो तो पडावावरचा माणूस. नंदुरबार, धुळे, जळगाव आणि डांगमधून मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबं याच महिन्यांत सुरत जिल्ह्यात येतात. फडाजवळच्या मोकळ्या जागेत प्लास्टिक आणि बांबूची झोपडी, दाराला दार नाही, संडास नाही, दिवा असला तर असला. आई-बाप पहाटेच फडात, लहानगी मागे झोपडीत किंवा बांधावर. मजुरांच्या लेकरांवर बिबट्याने झडप घातल्याच्या घटना सुरत जिल्ह्यात घडल्या आहेत. तळोद्याच्या लोकांनी 2024 मध्ये आपल्याच शिवारात माणसं गमावली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून नवापूर-शहादा भागातून टोळी निघताना मुकादमाला काही गोष्टी आधीच विचाराव्यात. पडाव उसाला लागून आहे की थोडा लांब? रात्री लाईट मिळणार का? झोपताना पोरं मधे आणि मोठी माणसं कडेला, संध्याकाळनंतर परसाकडे एकट्याने जायचं नाही, उष्टं-खरकटं झोपडीजवळ टाकायचं नाही, कारण त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. फड तोडताना शेवटचा पट्टा राहिला की जास्त सावध राहावं, आतलं जनावर तिथेच कोंडलेलं असतं. एक बाजू मोकळी ठेवून तोडलं तर ते निघून जातं.

पिल्लं सापडली तर उचलून पडावावर आणू नयेत, मोबाईलसाठी हातात तर अजिबात धरू नयेत. तिथली तोड थांबवून वनखात्याला कळवावं. जुन्नरमध्ये वनखात्याने आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राने हे कितीतरी वेळा केलं आहे. पिल्लं तपासून, जिथे सापडली तिथेच संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवायची, माणसं लांब जायची, कॅमेरा लावायचा. बहुतेक वेळा मादी रात्रीतून येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. एका रात्रीत नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. तेवढे दिवस तो फड तोडायचा नसतो, आणि त्या दिवसांची मजुरी बुडणार कोणाची, हे शेतकरी, मुकादम आणि कारखाना यांनी पिल्लं सापडायच्या आधी ठरवलेलं बरं.