बॅट हातात, ताकद पायात

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या आष्टा परिसरात व्यायाम म्हटला की तालीम आठवते. 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे हिंदकेसरी मारुती माने याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. अशा मुलखात एखादी मुलगी टेबल टेनिस खेळू लागली, तर ‘त्यात कसली आली मेहनत?’ असं सहज विचारलं जातं. मेहनत भरपूर असते, पण ती चटकन डोळ्यांना दिसत नाही.

चेंडू अवघा 2.7 ग्रॅमचा, टेबल 2.74 मीटर लांब. सेकंदाला 20 मीटर वेगाने आलेला फटका हे अंतर सुमारे 0.14 सेकंदात कापतो. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणून खेळाडू समोरच्याचा खांदा आणि मनगट पाहून अंदाज बांधतो, आणि अंदाज येताच पाय हलावे लागतात.

चेंडूला पुढे फिरकी देणाऱ्या टॉपस्पिन फटक्याचा जोरही पायांतूनच सुरू होतो. तो कमरेतून, धडातून, खांद्यातून मनगटापर्यंत पोचतो. पाय आणि कंबर कच्ची असली, की सगळा भार खांद्यावर पडतो आणि दुखापत होते.

एक रॅली बहुधा काही सेकंदांतच संपते. तेवढी ऊर्जा स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन पुरवतं. ते पुन्हा भरून यायला मात्र प्राणवायू लागतो. त्यामुळे दम हवाच, पण नुसतं लांब पळणं पुरत नाही. दोरीवरच्या उड्या, आडव्या दिशेची छोटी धाव आणि मध्ये थोडी विश्रांती, असा सराव हवा. तालमीतल्या बैठका मांड्यांना बळ देतात, जोर खांदे आणि धड घडवतात. त्याला कमरेच्या फिरकीचे व्यायाम आणि झटपट पदलालित्य जोडायला हवं.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. त्या नाजूक असल्याने एकाच हाताच्या हजारो फटक्यांचा ताण त्यांना सोसत नाही. दुसऱ्या हाताचे, पाठीचे व्यायाम म्हणूनच आवश्यक. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा एक सोपा ठोकताळा आहे: बारा वर्षांच्या मुलीला बारा तासांपर्यंत. शिवाय आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी.

2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. उद्या अशा संघात आष्ट्याची मुलगी दिसायची असेल, तर पालकांनी बॅटच्या महागड्या रबराआधी तिच्या पायांची, झोपेची आणि जेवणाची काळजी घ्यावी. खांदा दुखतो म्हणाली, तर त्या दिवशी तिला खेळायला लावू नये.