शाश्वत बांधकाम : नाशिकच्या वाड्याचा जमाखर्च

जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडा ढासळला की दोष मातीच्या भिंतीला आणि जुन्या लाकडाला दिला जातो. हा दोष चुकीच्या खात्यावर पडतो. बांधकाम शाश्वत आहे का, हे पर्यावरण, समाज आणि अर्थकारण अशा तीन बाजूंनी तपासतात. वाडा पहिल्या दोन बाजूंनी भक्कम होता. तो खचला तिसऱ्या बाजूने.

वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, त्यावर विटामातीची जाड भिंत, आत सागवानी खांब-तुळया आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, थंडीत पहाटे दहाच्या खाली जातो. जाड भिंत दुपारचे ऊन पोटात घेते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तापलेली हवा आतल्या मोकळ्या चौकातून वर निघून जाते. सांध्यांत आणि गिलाव्यात वापरलेल्या चुन्याचे मोल याहून अधिक. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजते, सिमेंटच्या भट्टीला १,४५० अंश लागतात. भिजवलेला चुना वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळत, त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर पडे. असा चुना वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत घट्ट होतो. वाडा उतरवताना त्यातली वीट अख्खी सुटते. सिमेंटमधली वीट बहुधा फुटूनच निघते.

दुसरी बाजू समाजाची. जुन्या नाशकातल्या तांबट आळी, सराफ बाजार, भद्रकाली या भागांत खाली धंदा आणि वर बिऱ्हाड ही रीतच होती. एका चौकाभोवती मालक आणि भाडेकरू नांदत. असे कुटुंब शहराच्या कडेला नव्या सदनिकेत गेले, की घर मिळते आणि गिऱ्हाईक तुटते.

आता तिसरी बाजू. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण हवेच होते, पण त्या भाड्यातून कौले परतण्याचाही खर्च निघेना. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही मूळच्या तुटपुंज्या रकमेवर. मग मालक हात आखडता घेतो, भाडेकरू दुसऱ्याच्या मालकीत पैसा घालत नाही आणि गळक्या भिंतीवर स्वस्तातला सिमेंटचा गिलावा चढतो. घात इथेच होतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडते, तुळईची टोके कुजतात आणि भिंतीला फुगारा येतो.

नव्या बांधकामाचा हिशेबही याच तीन बाजूंनी मांडावा लागतो. भाजक्या विटेसाठी शेतातला सुपीक थर खरवडला जातो. भट्टीवर उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीपासून पावसापर्यंत राबतात आणि मुलांची शाळा सुटते. याला पर्याय म्हणून नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीजकेंद्राच्या राखेतून न भाजता वीट तयार होते. केंद्र सरकारच्या १९९९च्या अधिसूचनेने अशा केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले होते. राखेची वीट माती आणि जळण वाचवते, मात्र ती पाणी मारून मुरवावी लागते. शिवाय राख जवळची असेल तोवरच ही वीट परवडते; अंतर वाढले की बचत डिझेलमध्ये जाते.