टप खाली, कागद वर!

‘दिल चाहता है’ आला 2001 मध्ये आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांचा निकाल लागला. तीन दोस्त, उघडी गाडी, गोवा. पुढे नोकरी लागली, होमलोन आलं, पोटही थोडं पुढे आलं, पण डोक्यातली ती गाडी काही जाईना. नव्या कन्व्हर्टिबलची किंमत ऐकून शोरूमच्या दारातूनच मागे फिरलो. मग ठरवलं, जुनी घ्यायची. बजेट तीन लाख. बायको म्हणाली, ‘‘छप्पर नसलेल्या गाडीला तीन लाख? छप्पर असलेल्या घराचे अजून फिटायचेत!’’

पहिली गाडी पुण्यातच बघितली. फोटोत एकदम झकास. जवळ गेलो तर साधी हॅचबॅक, वरचं छप्पर ग्राइंडरने कापलेलं. दार लावलं तर ते चौकटीला घासायला लागलं. कारण सोपं आहे. अशा गाडीला वेगळी चॅसी नसते. छप्पर, खांब आणि तळ मिळूनच तिचा सांगाडा होतो. छप्पर काढलं की गाडी मधोमध झुकायला लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाने बदल करायचा नाही, हे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलंय. तेव्हा दोस्तहो, पहिला प्रश्न हाच विचारा की, ही गाडी जन्मतःच उघडी आहे की नंतर कोणी हिचं टक्कल केलंय?

जन्मतःच उघडी असलेली स्वदेशी गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची. दोन सीटची, फायबरची बॉडी, रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन. मडगावला एक बघितली आणि सॉलिड प्रेमात पडलो. मालक प्रामाणिक निघाला. म्हणाला, ‘‘घ्या, पण पार्टसाठी अशीच आणखी एक घेऊन ठेवा.’’ प्रेम तिथेच संपलं.

मग उरल्या जीप आणि मारुती जिप्सी. जिप्सीला कन्व्हर्टिबल म्हणणं म्हणजे वडापावला बर्गर म्हणणं, हे मला मान्य आहे. पण कापडी टप काढला, पुढची काच बॉनेटवर आडवी केली की मर्सिडीजवाल्याला लागतं तेच वारं आपल्यालाही लागतं. आणि तिला खरीखुरी, वेगळी चॅसी असते. टप असो-नसो, तिला फरक पडत नाही.

आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. ‘‘उघडी गाडी मुंबई-कोकणातली घेऊ नका. पाऊस आणि खारी हवा खालून पत्रा खाते. मराठवाड्यात बघा. तिथलं ऊन फक्त कापड आणि प्लास्टिक खातं, ते बदलता येतं.’’ ओळखीतून बिडकीनचा पत्ता मिळाला. 2003 ची जिप्सी, एकहाती.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रोडला लागलो. नक्षत्रवाडी, कांचनवाडी, चितेगाव आणि मग बिडकीन. या शहराचं गाडीवेड जुनंच. औरंगाबाद असताना, ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटींच्या! बिडकीनची गोष्ट वेगळी. इथल्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या, मोबदला एकरी 23 लाख. ज्यांच्या दारात बैलगाडी होती तिथे एसयूव्ही आल्या. जुलै 2024 मध्ये तर टोयोटाने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करारही केला.

काका गोठ्यापाशी उभे होते. ‘‘पुण्याहून येऊ राहिले ना तुम्ही? आधी चहा घ्या, साहेब. गाडी कुठं पळून नाही जात.’’

ताडपत्री ओढली आणि मी दोन मिनिटं गप्पच झालो. पांढरी, स्वच्छ, एमएच-20. पण मिस्त्रीचे शब्द आठवले आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. म्हणजे माझ्यासाठी आधीच गरम करून ठेवलेली नव्हती. जुनं इंजिन थंडच चालू करून बघायचं असतं. निळा धूर आला तर ते ऑइल पितंय. इथे तिसऱ्या सेल्फला घेतलं, धूर नाही. मग रबरी मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हरने तळ ठोकून पाहिला. सगळीकडे टणटण आवाज. काचेच्या चौकटीखाली पाणी साचतं, तिथेही गंज नाही. टप मात्र चिंध्या झालेला, स्टेअरिंगला भेगा. टायरवर शेवटचे चार आकडे 2311, म्हणजे 2011 च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर, पण रबर म्हातारं. पाचही बदलायचे. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासलं. आरसी बुकाशी आकडा न् आकडा जुळला.

‘‘एवढी छान ठेवलीय, मग विकता का काका?’’

‘‘मोसंबीची बाग होती. क्रेटी टाकून यातच आणायचो. बाग गेली वसाहतीत. पोरानं मोठी गाडी घेतली, एसीवाली. शेतच नाही राहिलं तर हिला कुठं न्यावं?’’ 2018 मध्ये पंधरा वर्षांची नोंदणी संपली तेव्हापासून ती रस्त्यावर गेलीच नव्हती. दर रविवारी ते तिला चालू करतात, अंगणात मागे-पुढे घेतात, बंद करतात. मीही तिला अंगणातच चालवलं. नोंदणी नसलेली गाडी हौसेखातर रोडवर काढायची नसते.

सौदा दोन लाख ऐंशीला ठरला. नोंदणी काकांनी नवी करून द्यायची. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी 10 हजार झालीय. हात मिळवला आणि मग आरसी बुकाचं पान उलटलं. तिथे एका पतसंस्थेचा बोजा!

काका चक्रावले. ‘‘कर्ज कधीच फेडलं ना मी! पावत्या आहेत.’’ होत्याही, पिवळ्या पडलेल्या, एकूण एक. पण तेव्हा फॉर्म 35 वर संस्थेची सही घेऊन बोजा उतरवायचं राहून गेलं, आणि मधल्या काळात पतसंस्थाच बंद पडली. कागदोपत्री ही गाडी अजून तारणच. पैसे देऊन मी घरी घेऊन गेलो असतो, तर माझ्या नावावर झालीच नसती. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला तसंच घेऊन जावंसं वाटलं होतं. फॉर्म 29-30 वर काकांच्या सह्या घेऊ, बाकी एजंट बघेल! असा विचार करून पस्तावलेले दोघेजण माझ्याच ऑफिसात आहेत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि काकांना घेऊन जिल्हा उपनिबंधक कार्यालयात गेलो. बंद पडलेल्या संस्थेवर अवसायक नेमलेला असतो आणि बेबाकीचा दाखला त्याच्याकडून घ्यावा लागतो, हे तिथे कळलं. पावत्यांच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला. काकांना इसार म्हणून 10 हजार दिले, साध्या भाषेत लिहून घेतलं. बाकीचे पैसे बोजा उतरलेलं आरसी बुक हातात आल्यावर.

त्याला आता अडीच महिने झाले. टपाचं माप देऊन ठेवलंय, टायरवाल्याशीही बोललोय. दर रविवारी दहाच्या सुमाराला काकांचा फोन येतो. ‘‘साहेब, अवसायक म्हणतो पुढच्या हप्त्यात सही करतो,’’ असं सांगून ते फोन बॉनेटजवळ धरतात. ‘‘ऐका, एका सेल्फला लागली.’’