हवामहालाच्या खिडक्या नेमकं काय सांगतात?

जयपूरच्या हवामहालाचा एखादा जुना कृष्णधवल फोटो मोठा करून बघा. गुलाबी रंग नसल्यामुळे नजर थेट खिडक्यांवर जाते. ९५३ खिडक्या, आणि चेहरा एकही नाही!

सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये हा महाल बांधून घेतला. वास्तुकार लालचंद उस्ताद. पडद्यातल्या राजस्त्रियांना रस्त्यावरच्या मिरवणुका दिसाव्यात, पण त्या कुणाला दिसू नयेत, म्हणून या जाळ्या. वारा मात्र खुशाल आत येतो. रस्त्याच्या बाजूने प्रवेशद्वारच नाही, आत जायचं ते मागून. मला तर ही इमारत म्हणजे दगडात बांधलेला घुंगटच वाटते.

याच घराण्यातले सवाई रामसिंह दुसरे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जनान्यातल्या स्त्रियांचे फोटो काढले, चेहरे उघडे, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. जाळीआडचं जग त्या फोटोंत पहिल्यांदा समोर येतं. माझ्या मते हवामहालाच्या कुठल्याही फोटोशेजारी ते ठेवूनच बघायला हवेत.

जयपूरला गेलात तर समोरून सेल्फी घेऊन परतू नका. आत जा, आणि जाळीला डोळा लावून रस्ता बघा.